चार मीटरचे अंतर

दिवाळीच्या काही दिवस आधी चेंबूरला आरसीएफ या खत कारखान्याच्या मोकळ्या मैदानावर फटाके वाजतात, पण ते सणाचे नसतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी आणि ध्वनिप्रदूषणाविरुद्ध वर्षानुवर्षे चिकाटीने लढणाऱ्या आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलअली यांच्या उपस्थितीत बाजारातून आणलेले फटाके तिथे एकेक करून पेटवले जातात, ठराविक अंतरावर ठेवलेल्या मापकावर त्यांचा आवाज नोंदवला जातो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आकडे छापून येतात. अलीकडच्या काही वर्षांत तपासलेले बहुतेक फटाके मर्यादेच्या आत आढळल्याच्या बातम्या मी वाचल्या आहेत आणि दर वेळी त्या वाचून मला समाधानापेक्षा अस्वस्थताच अधिक वाटली आहे. ही मर्यादा ज्या अंतरावरून मोजतात, तेवढे अंतर या शहरातल्या बहुसंख्य माणसांच्या वाट्याला येतच नाही.

ते अंतर आहे चार मीटर. पर्यावरण संरक्षण नियमांखाली ५ ऑक्टोबर १९९९ रोजी निघालेली अधिसूचना असे सांगते की, फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर ज्या फटाक्याचा आवाज १२५ डेसिबलच्या, किंवा क्षणिक शिखर मोजण्याच्या दुसऱ्या पद्धतीने १४५ डेसिबलच्या वर जातो, तो फटाका बनवायचा नाही, विकायचा नाही आणि वाजवायचाही नाही. माळेसाठी ही मर्यादा आणखी कडक होते. माळेत जितके फटाके जास्त, तितकी त्यातल्या प्रत्येक फटाक्याची मुभा कमी, म्हणजे शंभराच्या माळेला दहा आणि हजाराच्या माळेला पंधरा डेसिबलची कपात. कागदावर ही रचना विचारपूर्वक केलेली आहे आणि ज्यांनी ती केली त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मात्र १९९९ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने सामाजिक गोंगाटाविषयी ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत फटाके, खेळणी आणि बंदुका यांच्या क्षणिक आवाजासाठी कानाजवळची कमाल पातळी मोठ्यांसाठी १४० आणि मुलांसाठी १२० डेसिबल धरलेली आहे. आपल्याकडचा कायदेशीर फटाका चार मीटरवर १४५ पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे चार मीटर दूर उभे असलेले मूलही संघटनेच्या हिशेबाने सुरक्षित नाही. मग चार मीटरच्या आत असलेल्या मुलाचे काय, हा प्रश्न कुठल्याच नियमात मला सापडला नाही.

आमची चाळ लालबागची. दोन इमारती समोरासमोर, मध्ये फरसबंद अंगण, एका टोकाला नळ आणि दुसऱ्या टोकाला गणपतीचा मंडप घालण्याची जागा. गेल्या दिवाळीआधीच्या बैठकीत फटाक्यांवरून नेहमीचा वाद सुरू झाला, तेव्हा तळमजल्यावरचे सुतारकाम करणारे काका काही न बोलता उठले, घरातून लोखंडी टेप घेऊन आले आणि मला म्हणाले, “तुम्ही एक टोक धरा, ताई. आधी जागा किती आहे ते तरी बघू.” आम्ही एका बाजूच्या ओट्यापासून समोरच्या ओट्यापर्यंत टेप ताणली. अंगणाची रुंदी भरली सात मीटर तीस सेंटिमीटर. अंगणाच्या अगदी बरोबर मधोमध फटाका ठेवला तरी दोन्हीकडचा ओटा तिथून तीन मीटर पासष्ट सेंटिमीटरवर येतो आणि प्रत्यक्षात अंगणाच्या मधोमध फटाका कोणीच ठेवत नाही, कारण तिथून माणसांची ये-जा चालू असते. तो ठेवला जातो कडेला, कुणाच्या तरी उंबऱ्यापासून दोन पावलांवर.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट जवळून पाहिली. टेप गुंडाळता गुंडाळता काका ज्या दाराशी थांबले, त्या घरात महिन्याभराची बाळंतीण होती. दाराच्या वरच्या फटीत तिच्या सासूबाईंनी जुने लुगडे घडी करून कोंबले होते, खिडकीच्या गजांना दुलई बांधली होती आणि पाळणा भिंतीपासून ओढून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, सिलिंडरशेजारी नेऊन ठेवला होता. “दोन दिवसांचा प्रश्न आहे, काढू कसेतरी,” असे त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. गेली कित्येक वर्षे या शहरातल्या म्हाताऱ्या माणसांनी, आजाऱ्यांनी आणि बाळंतिणींनी दिवाळी अशीच काढली आहे.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. चार मीटरवरचा १२५ आठ मीटरवर ११९ होतो, सोळा मीटरवर ११३. हे गणित मैदानाचे आहे, जिथे आवाजाला चहूबाजूंनी पसरायला वाव असतो. समोरासमोरच्या दोन तीनमजली भिंतींच्या मध्ये, वर पुढे आलेल्या गॅलऱ्यांखाली, आवाजाला जायला वाट उरत नाही. तो भिंतीवर आपटून परत येतो, समोरच्या भिंतीवर आपटतो आणि पुन्हा येतो. चेंबूरच्या मैदानात उत्तीर्ण झालेला सुतळी बॉम्ब आमच्या अंगणात उत्तीर्ण होईलच, असे त्या चाचणीवरून कुणालाही म्हणता येणार नाही.

गिरणगावात आता याला दुसरीही बाजू आली आहे. गिरण्यांच्या जागी जे मनोरे उभे राहिले, त्यांच्या पंधराव्या-विसाव्या मजल्यावरची माणसे पूर्वी फटाक्यांपासून दूर असल्याचे आपण धरून चालत होतो. आता सुतळी बॉम्बपेक्षा आकाशात जाऊन फुटणाऱ्या शॉट्सचा खप जास्त दिसतो आणि ते ज्या उंचीवर फुटतात ती नेमकी कुणाच्या तरी बेडरूमच्या खिडकीची उंची असते. खाली उभे राहून पाहणाऱ्याला ते आभाळात दूर फुटल्यासारखे वाटतात, पण त्या खिडकीपासून त्यांचे अंतर कधीकधी चार मीटरसुद्धा नसते.

विशेष म्हणजे अंतराचा विचार आपल्या कायद्याला परका नाही. २००८ च्या स्फोटक नियमांनुसार दिवाळीत लागणारी तात्पुरती दुकाने न जळणाऱ्या साहित्याच्या शेडमध्ये असावी लागतात, दोन दुकानांमध्ये किमान तीन मीटर आणि राहत्या घरांसारख्या ‘संरक्षित वास्तूं’पासून पन्नास मीटर अंतर ठेवावे लागते, दुकाने एकमेकांसमोर तोंड करून लावता येत नाहीत आणि एका ठिकाणी पन्नासपेक्षा जास्त दुकाने चालत नाहीत. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या परिसरात फटाके उडवायला पोलिसांचा स्वतंत्र मनाई आदेश असतो. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती किमान शंभर मीटरचे शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद आहे. खोक्यात बंद असलेल्या, न पेटवलेल्या फटाक्यासाठी आपण पन्नास मीटर मोजतो. तोच फटाका वात पेटवून माणसांच्या दारात ठेवताना किती मीटर मोजायचे, हे मात्र आमच्या चाळीत कधी कोणी येऊन सांगितलेले नाही.

त्याऐवजी सांगितली जाते ती वेळ. वेळेचा नियम कसा आला, हे आठवून पाहण्यासारखे आहे. एका तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला आणि आसपास चाललेल्या मोठ्या आवाजातल्या गाण्यांमुळे तिचा आक्रोश कुणालाही ऐकू गेला नाही. त्या घटनेने व्यथित झालेल्या एका अभियंत्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि तिच्यावर १८ जुलै २००५ रोजी झालेल्या निकालात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजी फटाके वाजवायला मनाई झाली. पुढे तीन तान्ह्या मुलांच्या वतीने २०१५ मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर २३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने दिवाळीला रात्री आठ ते दहा हेच दोन तास ठरवून दिले, माळा आणि बेरियमचे क्षार बंद केले, ऑनलाइन विक्री थांबवली आणि केवळ हरित फटाक्यांना परवानगी दिली. २०२३ च्या दिवाळीआधी मुंबईची हवा बिघडली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आधी सात ते दहा अशी तीन तासांची मुभा दिली आणि चार दिवसांत ती पुन्हा आठ ते दहावर आणली.

मी या निकालांकडे आदराने पाहते. त्यांच्यामुळे रात्री दोन वाजता फुटणारे बॉम्ब पूर्णपणे थांबले नसले तरी ते बेकायदा आहेत हे प्रत्येकाला कळले, आणि तक्रार करणाऱ्याला ‘तुम्हाला सण नको आहे का’ या प्रश्नापुढे मान खाली घालावी लागत नाही. हरित फटाक्यांबद्दलही तेच म्हणेन. नागपूरच्या नीरी या संस्थेने ते विकसित केले, त्यांतून सूक्ष्म कणांचे उत्सर्जन नेहमीच्या फटाक्यांपेक्षा साधारण तीस टक्क्यांनी कमी होते, खोक्यावर क्यूआर कोड असतो. हे काम मोलाचे आहे. परंतु हरित फटाका काही मुका नसतो. त्याच्या आवाजाची मोजणीही शेवटी त्या चार मीटरवरूनच होते.

रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलीस शिपायाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ठाण्याचे डॉक्टर महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर पोलिसांकडे ध्वनिमापक यंत्रे आली आणि मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकाचा आवाज त्यांनी मोजता येतो, कारण ध्वनिक्षेपक तासभर एका जागी वाजत असतो. फटाका क्षणार्धात संपतो. तो फुटल्यावर उरतो फक्त कागदाचा कचरा, आणि त्यावरून तो किती डेसिबलचा होता हे कुठलेही यंत्र सांगू शकत नाही. म्हणून डेसिबलचा नियम शिवकाशीच्या कारखान्यात आणि फार तर मोहम्मद अली रोडजवळच्या घाऊक दुकानात राबवता येईल. गल्लीत राबवता येण्यासारखे नियम दोनच, एक वेळेचा आणि दुसरा जागेचा. घड्याळ शिपायाच्या मनगटावर असते आणि जागा त्याच्या डोळ्यांसमोर. त्यांतला वेळेचा नियम आपण चांगला घोटून घेतला आहे. जागेचा नियम अर्धाच केला आहे.

तो अर्धा नियमही परळमध्ये कसा दिसतो ते सांगते. केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये एकमेकांना लागून आहेत, थोड्या अंतरावर जनावरांचे बाई साकरबाई रुग्णालय आहे आणि मध्ये मध्ये शाळा. नकाशावर या प्रत्येकाभोवती शंभर मीटरचे वर्तुळ काढले तर वर्तुळे एकमेकांत मिसळतात आणि त्यांच्याबाहेर फार थोडी वस्ती उरते. २०१० च्या दुरुस्तीनंतर शांतता क्षेत्रात आवाजी फटाका दिवसाही वाजवता येत नाही. मात्र २०१७ च्या दुरुस्तीने असेही ठरले की राज्य सरकारने अधिसूचित केल्याखेरीज कोणतीही जागा आपोआप शांतता क्षेत्र होत नाही. त्यामुळे रुग्णालयाच्या फाटकासमोर राहणाऱ्या माणसालाही आपण वर्तुळाच्या आत आहोत की बाहेर, हे कळायला मार्ग नसतो. शिवाय शंभर मीटर पुरेसे आहेत का, हाही प्रश्नच आहे. मघाच्या मोकळ्या मैदानाच्या हिशेबाने चार मीटरवरचा १२५ शंभर मीटरवर साधारण ९७ भरतो, आणि शांतता क्षेत्रासाठी ठरवलेली पातळी दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलची आहे. एक क्षणिक आवाज आहे आणि दुसरी काही काळाची सरासरी, त्यामुळे दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवणे शास्त्राला धरून होणार नाही, हे मला मान्य आहे. पण केमोथेरपी घेऊन पडलेल्या माणसाला सरासरी ऐकू येत नसते, त्याच्या कानावर येतो तो एकेक स्फोटच.

मग फटाके वाजवायचे तरी कुठे? हा प्रश्न मी खिजवण्यासाठी विचारत नाही, कारण मला स्वतःला शोभेची दारू मनापासून आवडते. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून, अंघोळ करून, पायाखाली कारिट फोडून अंगणात यायचे आणि साऱ्या चाळीत पहिला फटाका आपला वाजावा म्हणून धडपडायचे, यात जो आनंद होता तो खोटा नव्हता आणि आजच्या मुलांना तो मिळू नये असे मी कधीच म्हणणार नाही. भुईचक्र फिरताना फरशीवर उमटणारे सोनेरी वर्तुळ, पाऊस पेटल्यावर वर चढत जाणारे आणि अखेर कुंडीएवढ्या जागेत विरून जाणारे झाड, फुलबाजीची तार थंड होताना लाल होऊन काळी पडते तो क्षण, हे सारे आठ फुटांच्या अंगणातही सुंदर दिसते. त्याला फार अंतर लागत नाही, थोडी काळजी आणि पाण्याची बादली लागते. अंतर लागते ते आवाजाला आणि उडणाऱ्या गोष्टींना.

याचे उत्तर २०१८ च्या त्याच निकालात आहे आणि त्या निकालातला सर्वांत दुर्लक्षित भाग मला तोच वाटतो. दिल्ली आणि परिसरात सामूहिक आतषबाजीसाठी जागा आधी निश्चित कराव्यात आणि लोकांना आधी कळवाव्यात, इतर राज्यांनीही तशी शक्यता पडताळून पाहावी, असे न्यायालयाने त्यात सुचवले होते. वेळ सगळ्यांनी उचलली, हरित हा शब्द सगळ्यांनी उचलला, पण जागा तशीच राहून गेली. सार्वजनिक आतषबाजी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नेत्यांच्या वाढदिवसाचा किंवा क्रिकेटच्या विजयाचा धूमधडाका येतो आणि त्यामुळे ती आपोआप अधिक हानिकारक वाटते. पण ज्या आतषबाजीला एक आयोजक असतो, तिला विचारता येते आणि थांबवताही येते. २०२३ च्या विश्वचषकात मुंबई आणि दिल्लीच्या सामन्यांना आतषबाजी होणार नाही, असे क्रिकेट मंडळाने जाहीर केले आणि २ नोव्हेंबरला वानखेडेवर श्रीलंकेचा डाव ५५ धावांत गुंडाळला गेला तेव्हाही आभाळ मोकळेच राहिले. एका निर्णयाने एवढे झाले. त्याच महिन्यात घराघरांतून उडालेल्या फटाक्यांना कुणी एक माणूस असे सांगू शकला नसता.

मोठ्या आतषबाजीतही धोका असतो आणि तो लहान नाही. केरळात पुट्टिंगल मंदिरात एप्रिल २०१६ मध्ये जिल्हा प्रशासनाची परवानगी नसताना स्पर्धेची आतषबाजी झाली, साठवलेल्या दारूला आग लागली आणि शंभराहून अधिक माणसे मेली. म्हणून मी जे मागते आहे ती धूमधडाक्याची मुभा नव्हे. प्रत्येक विभागात, रुग्णालय आणि शाळेपासून लांब, जिथे अग्निशमन दलाची गाडी सरळ आत येऊ शकेल अशी एक-दोन ठिकाणे निवडावीत, तिथे प्रेक्षक आणि फटाका यांच्यात दोर बांधून अंतर राखावे, आणि आवाजी व उडणारे फटाके त्या दोन तासांत केवळ तिथेच वाजावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. शिवाजी पार्क यासाठी चालणार नाही, कारण २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र ठरवले आहे आणि ते तसेच राहावे. परळची मैदानेही शाळा-रुग्णालयांना खेटून आहेत. तेव्हा जागा शोधणे अवघड आहे, हे मी नाकारत नाही. मुंबईत कुठल्याही गोष्टीसाठी जागा शोधणे अवघडच असते आणि तरीही विसर्जनासाठी आपण कृत्रिम तलाव बांधले, त्यांच्या जागा छापून घरोघरी कळवल्या, आणि माणसे तिथे गेली.

आमच्या चाळीने टेपने मोजणी केल्यावर एक साधा ठराव केला. फुलबाजी, भुईचक्र, पाऊस अंगणात. बॉम्ब आणि शॉट अंगणात नाहीत. मुलांनी तो मोठ्यांपेक्षा लवकर मान्य केला, पण लगेच विचारले की मग आमचे शॉट आम्ही कुठे न्यायचे, आणि त्याचे उत्तर आमच्यापैकी कुणाकडेही नव्हते. विभाग कार्यालयाला देण्यासाठी आम्ही जो अर्ज लिहिला आहे, तो या एका प्रश्नातून आला. त्यात विभागातल्या जागांची यादी मागितली आहे, शांतता क्षेत्रांचा नकाशा प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावण्याची विनंती आहे, आणि पोलिसांच्या आदेशात वेळेच्या जोडीला राहत्या इमारतीपासूनचे अंतर मीटरमध्ये लिहावे असे म्हटले आहे.

अर्जातली शेवटची मागणी पहाटेची आहे आणि ती राज्य सरकारपर्यंत पोहोचवावी अशी विनंती आम्ही केली आहे. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दक्षिणेकडील राज्यांना एकूण दोन तासांची मर्यादा न ओलांडता वेळ बदलण्याची मुभा दिली आणि तमिळनाडूने त्यातला एक तास सकाळी सहा ते सातचा घेतला. आपल्याकडेही अभ्यंगस्नानाच्या दिवशी तसे करता येईल का, हे सरकारने तपासावे. सहाच्या आधीची वेळ आम्ही मागितलेली नाही, कारण ती झोपणाऱ्यांची आहे. त्या दिवसांत मुंबईत सूर्योदय साडेसहाच्या पुढे होतो, त्यामुळे सहा वाजता बाहेर पडणाऱ्या मुलांनाही फुलबाजी पेटवायला पुरेसा काळोख मिळतो.